रक्त काढण्याआधीचं एक वाक्य

या वेळचं पत्र तुर्भ्याच्या एका डॉक्टरांचं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

«तुर्भ्यात गेली चार वर्षं माझा दवाखाना आहे. पेशंट बहुतेक मार्केटमधले माथाडी, आसपासच्या वस्तीतली कुटुंबं, थोडे एमआयडीसीतले कामगार. दीड महिन्यापूर्वी चौतिशीचा एक माथाडी पाठीवर नागीण घेऊन आला. नागीण सुकली, पण वजन उतरतच राहिलं, जिभेवर पांढरा थर आला. मी शुगर, सीबीसी, लिव्हर अशा तपासण्या लिहिल्या आणि त्यातच एचआयव्ही लिहिली. त्याला सांगितलं नाही. घाबरेल, परत यायचाच नाही, असं वाटलं. लॅबने रिपोर्ट दवाखान्याच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप केला: ‘रिॲक्टिव्ह’. मोबाइल काउंटरवर असतो, त्यामुळे कंपाउंडरने माझ्या आधी वाचला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको रिपोर्ट न्यायला आली, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. लॅबवाल्यांनी अजून दिला नाही, असं खोटं सांगून मी तिला परत पाठवलं. सोमवारी दोघांना बोलावलंय. बायकोला सांगू का? तिचं आणि बाळाचं रक्त काही निमित्ताने तपासून घेऊ का? कंपाउंडर म्हणतो, इथून पुढे टाके घालायच्या आधी सगळ्यांचीच टेस्ट करत जाऊ. चार रात्री झोप नाही.»

डॉक्टर,

सोमवार जवळ आलाय, म्हणून आधी सोमवारचंच सांगते, बाकीचं मागाहून.

दोघांना एकत्र आत घेऊ नका. त्याला एकट्याला घ्या. बायको सोबत आली असेल तर ‘रिपोर्ट ज्याचा त्याच्याच हातात देते, आमच्याकडे सगळ्यांना हाच नियम’ एवढं म्हणून तिला बाहेर बसवा. आणि हा नियम आजपासून खरोखर सगळ्यांना लावा, साध्या शुगरच्या रिपोर्टलाही. नियम एकट्यापुरता असला की बाहेर बसलेल्या बाईला तेवढ्यावरूनच सगळं कळतं. लॅबचं निमित्त पुन्हा सांगू नका. ती सरळ लॅबमध्ये जाऊन विचारेल, आणि खिडकीवरचा मुलगा काय बोलेल ते तुमच्या हातात नाही.

तो आत येऊन बसला की पहिलं वाक्य रिपोर्टचं नको, तुमच्या चुकीचं हवं. मी असं म्हणेन: ‘मागे तुमचं रक्त काढलं तेव्हा त्यात एचआयव्हीची तपासणीही मी लावली होती. तुम्हाला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. माझं चुकलं.’ मग थांबा. तो चिडेल, गप्प बसेल, काहीही करेल, करू द्या. त्यानंतर विचारा: ‘त्याचा निकाल आलाय. आत्ता सांगू का?’ बहुतेक जण ‘सांगा’ म्हणतात. पण जी गोष्ट त्याच्याकडून विचारल्याशिवाय घेतली गेली, ती निदान परत देताना तरी विचारून दिली जाते.

डॉक्टरने चूक कबूल केली की पेशंट डोक्यावर बसतो, उद्या केस टाकतो, असं आपल्यात फार जण मानतात. माझा अनुभव उलटा आहे. बिलावर तपासणीचं नाव बघून त्याला कळलं तर तो तुमच्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही. तुमच्या तोंडून कळलं तर पुढचं ऐकून घेईल. आणि त्याने पुढचं ऐकून घेणं हीच सध्या सगळ्यात मोठी गरज आहे.

कायद्याचंही सांगून टाकते. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ चा, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय, आणि आधी व नंतर समुपदेशन केल्याशिवाय ही तपासणी करता येत नाही. ‘सगळं रक्त तपासून घेऊ’ याला पेशंटने मान हलवली म्हणजे संमती झाली असं नाही. सवलती मोजक्या आहेत: कोर्टाचा आदेश, रक्तपेढीत दान आलेलं रक्त किंवा दान केलेला अवयव, आणि नावगाव काढून केलेली साथीची पाहणी. तुमच्या टेबलासमोर बसलेला कुठलाही माणूस यात बसत नाही. संमती लेखी घ्या, केसपेपरवर तारीख टाका. आणि ती घेताना घाई करू नका, कारण तो कागद म्हणजे काही संमती नव्हे. आधीच्या चार मिनिटांत जे बोलणं होतं, ती संमती.

ही चार मिनिटं मी कशी शिकले ते सांगते. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी एका सरकारी रुग्णालयात होते, नाव घेत नाही. वॉर्डात टीबीचा एक तरुण होता. त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट आला आणि मी तो व्हरांड्यात त्याच्या मोठ्या भावाला सांगितला. घरातला कर्ता माणूस, त्यालाच सांगायचं, असाच तेव्हा शिरस्ता होता. पेशंटला मी अजून काहीच बोलले नव्हते. संध्याकाळी राऊंडला गेले तर त्याची खाट संडासाच्या दाराशी सरकवलेली. भाऊ निघून गेलेला. रात्रीत तोही डिस्चार्ज न घेता गेला. खाटेखाली त्याची स्टीलची ताटली राहिली होती, तिच्या काठावर कुणीतरी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलेला. टीबीच्या गोळ्यांचा अर्धा कोर्स बाकी होता. तो कुठे गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही. ठिपका देणाऱ्यावर मी आधी चिडले. नंतर लक्षात आलं की मी व्हरांड्यात तोंड उघडलं नसतं तर तो ठिपका पडलाच नसता.

आता तुमच्या हातातल्या रिपोर्टकडे येऊ. त्यावर ‘रिॲक्टिव्ह’ लिहिलंय, ‘पॉझिटिव्ह’ नाही, आणि हा शब्दांचा खेळ नाही. एका किटवर एकदा उमटलेली रेघ म्हणजे निदान नव्हे. हिशोब करून बघा. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण साधारण हजारी दोन आहे. धरून चाला की किट इतकं चांगलं आहे की संसर्ग नसलेल्या हजार जणांत फक्त पाच जणांना चुकून रिॲक्टिव्ह दाखवतं. सरसकट हजार माणसं तपासली तर खरे दोन आणि चुकीचे पाच, मिळून सात रिपोर्ट रिॲक्टिव्ह येतील. त्या सातातल्या पाच जणांना तुम्ही ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असं सांगून मोकळे झालात तर? म्हणूनच आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, वेगवेगळ्या प्रकारच्या तीन किटवर तपासणी होते आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. जुळल्या नाहीत तर काही आठवड्यांनी पुन्हा बोलावतात, गरज पडली तर नमुना वरच्या प्रयोगशाळेकडे जातो.

पण तुमचा पेशंट त्या सरसकट हजारातला नाही. चौतिशीत नागीण, तोंडात थर, उतरतं वजन. त्याचा रिपोर्ट खरा निघण्याची शक्यता बरीच आहे. त्यामुळे ‘हा बहुतेक चुकीचाच असेल हो’ असा दिलासा देऊ नका. देण्याचा मोह फार होतो, मला माहीत आहे. तसं म्हणालात की तो आयसीटीसीला जाणारच नाही. असं सांगा: ‘पहिल्या तपासणीत संसर्ग असल्याची खूण दिसलीय. एका तपासणीवर आपण काही ठरवत नाही. सरकारी केंद्रात तीन तपासण्या फुकट होतात, त्यात पक्कं कळेल. पक्कं झालं तर औषध आहे, तेही फुकट. औषध घेणारी माणसं काम करतात, संसार करतात, म्हातारी होतात.’ तो पहिला प्रश्न बहुधा विचारेल तो मरणाचा नसेल. पोतं उचलता येईल का, हे विचारेल. वजन भरून आलं की येईल, असं सांगा. ते खरं आहे.

नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका. चिठ्ठी घेऊन निघालेली माणसं स्टेशनवरून घरी परत जातात. वाशीला महापालिकेच्या रुग्णालयात आयसीटीसी आहे. त्याच्या परवानगीने त्याच्यासमोरच तिथल्या समुपदेशकाला फोन लावा, वार आणि वेळ ठरवा. ‘वाशीला आमच्यातलं कुणीतरी भेटेल’ असं तो म्हणाला तर वाद घालू नका. ठाण्याची गाडी तुर्भ्यातूनच मिळते, तिकडे पाठवा. केंद्राची माहिती १०९७ या मोफत नंबरवर मिळते, तो नंबर त्यालाही द्या. आणि थांबायचं नाही असं एक काम लगेच करा: खोकला, ताप, रात्रीचा घाम आणि वजन या चार गोष्टी विचारा. वजन तर उतरतंच आहे, म्हणजे टीबीची तपासणी लागणारच. तोवर खोकल्यासाठी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहू नका. त्याने टीबी काही दिवस दबतो आणि निदान लांबतं.

तिथे तो गेल्यावर काय होतं हेही तुम्हाला ठाऊक हवं, कारण तो आधी तुम्हालाच विचारणार. समुपदेशक एकट्याशी बोलतो. रक्त घेतात. किटच्या छोट्या खिडकीत आधी कंट्रोलची, म्हणजे किट नीट चालतंय हे दाखवणारी, रेघ उमटावी लागते, ती उमटली नाही तर चाचणी बाद, बाजूची रेघ दिसो वा न दिसो. ठरलेल्या मिनिटांतच वाचायचं, मागाहून उमटलेली फिकट सावली धरायची नाही. पॉझिटिव्ह निघाला की एआरटी केंद्राकडे, म्हणजे एचआयव्हीचं औषध देणाऱ्या केंद्राकडे. आपल्या देशात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, आणि तेव्हा पांढऱ्या पेशी किती खाली जातात याची वाट पाहत थांबावं लागायचं. २०१७ पासून ते थांबणं संपलं: निदान झालं की औषध, सीडी-फोर, म्हणजे त्या पांढऱ्या पेशींचा आकडा, कितीही असो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर, तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. टीबी किंवा मेंदूचं इन्फेक्शन असलं तर ती कधी सुरू करायची ते तिथले डॉक्टर ठरवतात. गोळी नेमाने घेतली आणि विषाणू रक्तात मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. युरोपातल्या ‘पार्टनर’ नावाच्या अभ्यासात, एकाला संसर्ग आणि दुसऱ्याला नाही अशी शेकडो जोडपी वर्षानुवर्षं पाहिली. औषधावर असलेल्या जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. सोमवारी हे सगळं सांगू नका, एवढं डोक्यात राहत नाही. पण तुमच्या मनात ते असू द्या. तुमच्या चेहऱ्यावर ते दिसतं.

आता बायको. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट तिच्या कडेवरचं बाळ आहे.

तिला न सांगता तिचं रक्त तपासू नका. तीच चूक दुसऱ्यांदा, आणि या वेळी जाणूनबुजून होईल. तिला सांगायचं ते त्याने सांगावं, समुपदेशकाच्या मदतीने. त्याला सोमवारीच विचारा: ‘घरी कसं सांगणार? तुम्ही सांगाल, की आपण दोघं मिळून सांगू, की वाशीच्या समुपदेशकासमोर सांगायचं?’ ‘सांगणार का’ असं विचारू नका, ‘कसं’ असं विचारा. सव्वीस वर्षांत माझ्यासमोर बसलेल्या नवऱ्यांपैकी बहुतेकांनी शेवटी स्वतःच सांगितलं. त्यांना वेळ आणि शब्द लागत होते, एवढंच.

नाहीच सांगितलं तर? कायदा डॉक्टरला किंवा समुपदेशकाला जोडीदाराला सांगण्याची मुभा देतो, पण पायऱ्या गाळून नाही. जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे असं वाटायला हवं. पेशंटला स्वतः सांगण्यासाठी समुपदेशन केलेलं हवं. तो सांगणार नाही याची खात्री झालेली हवी. ‘आता मी सांगणार आहे’ हे त्याला आधी कळवलेलं हवं. आणि जोडीदाराला सांगायचं ते समोरासमोर, समुपदेशन करून. फोनवर नाही, चिठ्ठीने नाही, सासूमार्फत तर नाहीच. हे काम कंपाउंडरचं नाही, सिस्टरचं नाही, आशाताईचंही नाही. उद्या हीच गोष्ट उलटी आली, बाई पॉझिटिव्ह आणि नवऱ्याला सांगायचं असं झालं, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: तिला मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी साधार भीती असेल तर सांगायचं नाही, असं कायद्यातच लिहिलंय.

तुमच्याकडे मात्र फार दिवस नाहीत. बाळ दहा महिन्यांचं, म्हणजे गरोदरपणात तिची एचआयव्ही तपासणी झाली असणार. तो कागद निगेटिव्ह आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. संसर्ग त्यानंतर झाला असू शकतो, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला नुकता संसर्ग झालेला असेल तर तिच्या रक्तात आणि दुधात विषाणू भरपूर असतो. म्हणून त्याला स्पष्ट सांगा की हे बाळासाठी आहे, आठवडे लावून चालणार नाही, याच आठवड्यात तिचीही तपासणी व्हायला हवी. मी पाहिलेत असे बाप, जे स्वतःसाठी केंद्राची पायरी चढले नाहीत पण लेकरासाठी चढले.

तोवर ‘अंगावरचं बंद कर’ असं तिला सांगू नका. एका खोलीच्या घरात दहा महिन्यांच्या पोराला एकाएकी तोडलं तर शेजारीण विचारते, सासू विचारते, आणि पावसाळ्याच्या पाण्यात बाटली लावली तर जुलाब लागतात. तिची तपासणी झाली की पाजायचं कसं ते केंद्रातले डॉक्टर सांगतील. ती पॉझिटिव्ह निघाली तर तिचं औषध लगेच सुरू होतं आणि बाळाची तपासणी होते. इथे एक ठेच ठरलेली आहे: अठरा महिन्यांच्या आतल्या बाळावर आपली नेहमीची अँटिबॉडी चाचणी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) करून काही ठरवायचं नाही. आईच्या अँटिबॉडीज बाळाच्या रक्तात असू शकतात, त्यामुळे बाळ निरोगी असूनही रिॲक्टिव्ह दाखवू शकतं. बाळासाठी टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन, वाळवून, विषाणूच शोधणाऱ्या पीसीआरला पाठवतात. अठरा महिने झाल्यावर अँटिबॉडी चाचणी होते. बायको निगेटिव्ह निघाली तर तिला तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, आणि मधल्या काळात, नवऱ्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, खाली जाईपर्यंत, निरोध. थोरली मुलं असतील आणि आई पॉझिटिव्ह निघाली तर त्यांचीही तपासणी लागेल. ‘मोठी आहेत, धडधाकट आहेत’ म्हणून सोडू नका. दहा-बारा वर्षांपर्यंत फक्त उंची खुंटलेली, वरचेवर कान वाहणारी पोरं मी पाहिली आहेत. अठराच्या आतल्यांसाठी संमती पालकांची.

कंपाउंडरचं. त्याच्यावर ओरडू नका. मोबाइल काउंटरवर कोणी ठेवला? आपणच. त्याला जवळ बसवून सांगा की हे गुपित राखायची जबाबदारी कायद्याने त्याच्यावरही आहे. लॅबला सांगा की असे रिपोर्ट व्हॉट्सॲपवर नकोत, बंद पाकिटात तुमच्याच हातात हवेत. खरं तर ही तपासणी खासगी लॅबला पाठवूच नका, सरळ आयसीटीसीला पाठवा. फुकट होते, समुपदेशन होतं, आणि पुढचं औषधही तिथूनच जोडलं जातं. केसपेपरवर लाल शाईने काही लिहू नका. कोपऱ्यात चांदणी नको, ठिपका नको.

टाके घालायच्या आधी सगळ्यांची टेस्ट, ही कल्पना मात्र आजच मोडीत काढा. उपचाराची अट म्हणून एचआयव्ही तपासणी लावायला कायद्याने बंदी आहे. आणि कायदा नसता तरी ती तुम्हाला वाचवणार नाही. नुकता संसर्ग झालेल्याची चाचणी निगेटिव्ह येते. साध्या रॅपिड किटवर संसर्ग दिसायला तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. तो निगेटिव्ह कागद बघून तुम्ही हातमोजे न घालता टाके घालाल. हातमोजे प्रत्येकाला, सुईवर टोपण परत बसवायचं नाही, वापरलेली सुई जागच्या जागी कटरमध्ये. एवढं नेमाने केलं तर कोणाला काय आहे हे माहीत असायची गरजच पडत नाही. तरी टोचलंच, तर पॉझिटिव्ह पेशंटच्या सुईनेही एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन असते. हेपटायटिस बीची त्याच्या कितीतरी पट, लस घेतलेली नसेल तर शंभरात तीसपर्यंत जाते. कंपाउंडरने बीचे तीन डोस घेतलेत का? तुम्ही? हा प्रश्न त्या टेस्टपेक्षा महत्त्वाचा आहे.

टोचलं तर जागा दाबून रक्त पिळू नका, बोट तोंडात घालू नका, स्पिरिट चोळू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि निघा. प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत, जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, पुढे २८ दिवस. पहिली गोळी घ्यायला कुणाच्याही रिपोर्टची वाट बघायची नाही. रात्री अकराला टोचलं तर कुठल्या कॅज्युअल्टीत जायचं, हे आजच विचारून ठेवा.

मग तपासणी कुणाला सुचवायची? टीबीचा प्रत्येक पेशंट, गुप्तरोगाचा प्रत्येक पेशंट, प्रत्येक गरोदर बाई, तरुणपणी नागीण, तोंडातला थर, महिनाभर न हटणारा ताप किंवा जुलाब, कारण न सापडता उतरणारं वजन, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, हेपटायटिस बी किंवा सी निघालेला, पॉझिटिव्ह माणसाचा जोडीदार. आणि जो स्वतःहून विचारेल तो, त्याला ‘का’ न विचारता. या यादीत माणसाचा धंदा नाही हे बघा. तुमच्या भागात ट्रकवाला आला की डॉक्टरांच्या मनात लगेच एचआयव्ही येतो, आणि महाप्याच्या कंपनीत नोकरी करणारा, गळ्यात आयकार्ड घातलेला मुलगा आला की येत नाही. अशा एका मुलाला मी स्वतः भर जुलैत ताप, घसा, अंगावर पुरळ, मानेत गाठी बघून व्हायरल म्हणून परत पाठवलं होतं. डेंग्यूची तपासणी दोनदा केली. शरीरसंबंधाबद्दल एकदाही विचारलं नाही. संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांनी नेमका असाच ताप येतो, आणि तेव्हा अँटिबॉडी चाचणी निगेटिव्हही येऊ शकते. म्हणून अशा वेळी अँटिजनही, म्हणजे विषाणूचाच एक भाग, शोधणारी चौथ्या पिढीची चाचणी करायची, आणि ती निगेटिव्ह आली तरी सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा. तो मुलगा दोन वर्षांनी टीबी घेऊन परत आला. आज बरा आहे, औषधावर आहे. ती दोन वर्षं मात्र माझ्यामुळे गेली.

विचारायचं कसं, हे तरुण डॉक्टरांना फार अवघड वाटतं. तुम्हालाही तेच अवघड गेलं, म्हणून तुम्ही न विचारता लिहून टाकलंत. एक वाक्य पाठ करा आणि सगळ्यांना त्याच आवाजात म्हणा: ‘नागीण आलेल्या प्रत्येकाला आम्ही एचआयव्हीची तपासणी सुचवतो. तुमची करायची का? आत्ता नको म्हणालात तरी माझे उपचार चालूच राहतील.’ शेवटचा भाग गाळू नका. तो ऐकला की माणसाचे खांदे खाली येतात. ‘नको’ म्हणालाच तर पुढच्या खेपेला पुन्हा विचारा, चेहरा न बदलता.

सोमवारसाठी आणखी एक. वाशीचा दिवस ठरवण्याआधी त्याची मार्केटमधली पाळी विचारा. भाजीपाल्याचं काम रात्रीत चालतं, तो सकाळी मोकळा होत असेल तर थेट तिथूनच जाऊ दे, घरी जाऊन झोपला की दिवस गेला. एका दिवसाचा खाडा म्हणजे त्याची मजुरी गेली, आणि मुकादमाने ‘कुठे होतास’ विचारलं तर काय सांगायचं हेही तो मनात घोळवत असेल. नागिणीच्या दुखण्यासाठी दवाखान्यात गेलो होतो, असं त्याला सांगता येईल. ते खोटंही नाही. बायकोसाठी दुसरी वेळ घ्या, आणि बाळाला सोबत घेऊन जायला सांगा. निकाल काहीही आला तरी मला पुन्हा लिहा. बाळाबद्दल आधी.